लिनक्सवर चायनीज अक्षरांच्या जागी चौकोन दिसले म्हणून मशीन फॉरमॅट मारू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत वाचकांच्या कॉम्प्युटरच्या अडचणींना उत्तरं देणारं छोटं सदर येतं ते मी वाचत असतो, पण परवाच्या अंकात एकाने विचारलं होतं की लिनक्सवर चायनीज फाइल उघडली की अक्षरांऐवजी नुसते रिकामे चौकोन दिसतात, काय करू, आणि त्याला उत्तर दिलंय की लिनक्समध्ये चायनीजचा सपोर्ट कच्चा आहे, जमल्यास विंडोज टाकून घ्या. साहेब, हे उत्तर चुकीचं आहे. नुसतं चुकीचं असतं तर सोडून दिलं असतं, पण असंच काहीतरी ऐकून लोक मशीन उचलून दुकानात नेतात, दुकानवाला बघतही नाही काय झालंय ते, सरळ फॉरमॅट मारतो, कुठलंतरी क्रॅक विंडोज टाकतो, वर पैसे घेतो, आणि जी गोष्ट एका कमांडमध्ये झाली असती तिच्यापायी लोकांचा डेटा जातो. म्हणून लिहितोय, पत्र लांबलंय, जागा असेल तेवढं छापा.

मी भोसरी एमआयडीसीत मशीन मेंटेनन्सची कामं करतो. आता तुम्ही म्हणाल मेंटेनन्सवाल्याला चायनीज अक्षरांचं काय पडलंय, तर इकडे या एकदा, चायनीज माल नाही असं शेड शोधूनच काढावं लागेल, लेझर कटिंग म्हणा, राउटर म्हणा, काहीच नाही तर एखादा व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग कमीजास्त करणारा डबा) तरी असतोच. सोबत इंग्लिश मॅन्युअल येतं पण ते अगदी पातळ, अलार्म कोडची पूर्ण यादी आणि पॅरामीटरचे टेबल असतात ते चायनीज पीडीएफमध्ये. आणि ऑफिसातला पीसी असतो जुना, त्यावर लायसनचा खर्च नको म्हणून कुणीतरी हलकं लिनक्स टाकून दिलेलं असतं. म्हणजे हा प्रश्न हौसेचा नाही, मशीन बंद पडलेलं असतं, मालक डोक्यावर उभा असतो आणि स्क्रीनवर चौकोन.

तर मुळात होतं काय. फाइल बिघडलेली नसते, व्हायरस नसतो, सॉफ्टवेअरही ठीक असतं. फाइलमध्ये प्रत्येक अक्षराचा युनिकोडचा (म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना एकेक नंबर देणाऱ्या पद्धतीचा) नंबर असतो, तो कॉम्प्युटरने बरोबर वाचलेला असतो, फक्त त्या नंबरचं अक्षर ज्यात काढून ठेवलंय असा एकही फॉन्ट त्या मशीनवर नसतो. तुमच्या जुन्या छापखान्यात मजकूर समोर आहे, कंपोझिटर तयार आहे, पण केसमध्ये तो खिळाच नाही, तसं. मग सॉफ्टवेअर निदान जागा तरी दिसावी म्हणून चौकोन काढतं.

हे खरं की नाही ते बघायची सोपी युक्ती आहे. ते चौकोन सिलेक्ट करून कॉपी करा आणि ब्राउजरमध्ये भाषांतराच्या साइटवर पेस्ट करा, भाषांतर बरोबर आलं तर मजकूर जसाच्या तसा शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाही. अडलेलं काम तेवढ्यावरही निघतं बरं का, घाईत मी कितीतरी वेळा चौकोनच कॉपी करून अलार्मचा अर्थ काढलाय. दुसरी खूण म्हणजे फायरफॉक्समध्ये आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्या चौकोनाच्या आत बारीक आकडे-अक्षरं असतात, लोक तिकडे लक्षच देत नाहीत, पण तोच तर त्या अक्षराचा नंबर. वरच्या ओळीत चार आणि ई पासून नऊ आणि एफ पर्यंत काहीही असेल तर ते चायनीज अक्षर समजा. आणि शून्य नऊने सुरुवात असेल तर ते चायनीज नाहीच, ती बहुतेक आपली देवनागरी आहे (बंगालीचीही सुरुवात तीच), म्हणजे त्या मशीनवर मराठीचाही फॉन्ट नाही! असेही पीसी बघितलेत मी, आणि तेही पुणे जिल्ह्यात.

आता उपाय. (कमांड इंग्रजीत टाइप करायच्या असतात, पण मराठी पेपरात छापताना गोंधळ नको म्हणून उच्चारासारख्या देवनागरीत लिहितोय, वाचणाऱ्याने तेवढं समजून घ्यावं.) आधी टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडून एफसी-लिस्ट लिहायचं, एक जागा सोडायची, मग कोलन, त्याला लागून लँग, बरोबरचं चिन्ह आणि झेडएच. एंटर मारल्यावर काहीच आलं नाही तर चायनीजचा एकही फॉन्ट नाही हे पक्कं झालं. मग डेबियन, उबुंटू, मिंट यापैकी काही असेल (लिनक्सच्या अशा वेगवेगळ्या प्रकारांना डिस्ट्रो म्हणतात) तर सुडो ॲप्ट इन्स्टॉल फॉन्ट्स-नोटो-सीजेके (नोटो हे फॉन्टचं नाव, सीजेके म्हणजे चायनीज, जपानी, कोरियन). संपलं. आर्चवाल्यांनी पॅकमनने नोटो-फॉन्ट्स-सीजेके घ्यायचं, फेडोरावाल्यांनी डीएनएफमध्ये नोटो सीजेके सर्च करायचं, तिथे बहुतेक आधीच असतं म्हणा. उबुंटूचा पूर्ण डेस्कटॉप टाकला असेल तर त्यातही हा फॉन्ट सोबतच येतो, म्हणजे लिनक्सचा सपोर्ट कच्चा वगैरे काही नाही, अडचण येते ती कमीत कमी सामान टाकून बसवलेल्या सिस्टिमवर, हलक्या डिस्ट्रोवर आणि सर्व्हरवर.

नंतर जे सॉफ्टवेअर चालू होतं ते पूर्ण बंद करून परत उघडायचं. हे सांगायचं कारण, लोक फॉन्ट टाकतात, त्याच उघड्या खिडकीत बघतात, चौकोन तसेच असतात, आणि म्हणतात काही उपयोग झाला नाही. तरी नाही दिसलं तर एफसी-कॅश डॅश एफ चालवा आणि परत बघा.

शॉपफ्लोरवरच्या पीसीला इंटरनेट नसतंच, तिथे दुसरीकडून फॉन्टची फाइल डाउनलोड करून पेनड्राइव्हने न्यायची आणि होम फोल्डरमध्ये डॉट लोकल, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स नावाचं फोल्डर करून त्यात टाकायची, ॲडमिनचा पासवर्डही लागत नाही. डॉटने सुरू होणारी फोल्डरं लपलेली असतात, कंट्रोल एच दाबलं की दिसतात. मशीन फारच जुनं असेल आणि डिस्कवर जागा नसेल तर वेनक्वानयी मायक्रोहेइ नावाचा फॉन्ट आहे, फॉन्ट्स-डब्ल्यूक्यूवाय-मायक्रोहेइ या नावाने मिळतो, नोटोच्या मानाने बराच लहान, दिसायला साधा पण अलार्म वाचायला भरपूर.

नोटो एवढा मोठा का, तर त्यालाही कारण आहे. हा फॉन्ट गूगल आणि ॲडोबी यांनी मिळून २०१४ मध्ये बाहेर काढला, ॲडोबीकडे तोच सोर्स हान सान्स नावाने मिळतो, आणि त्यात चीन, जपान, कोरियातल्या फॉन्ट बनवणाऱ्या कंपन्यांनी काम केलंय. आपल्या देवनागरीला युनिकोडच्या मूळ गठ्ठ्यात १२८ जागा आहेत, त्यात स्वर, व्यंजनं, मात्रा, आकडे सगळं बसतं आणि जोडाक्षरं फॉन्टच्या आत जुळवली जातात. चायनीज अक्षरांच्या पहिल्या गठ्ठ्यातच २०,९०२ होती आणि भर पडत पडत आता ती नव्वद हजारांच्या वर गेलीत. एका फॉन्ट फाइलमध्ये ६५,५३५ पेक्षा जास्त आकृत्या मावत नाहीत, ती त्या फॉरमॅटचीच मर्यादा, आणि नोटो सीजेकेने ती शेवटपर्यंत भरून टाकलीय. त्यामुळे एखाद्या माणसाच्या किंवा गावाच्या नावातलं अगदी दुर्मिळ अक्षर असेल तर नोटो टाकूनही एखादा चौकोन शिल्लक राहू शकतो, तिथे हानाझोनोसारखा दुसरा फॉन्ट जोडीला टाकावा लागतो. चीन सरकारने तर अशा दुर्मिळ अक्षरांसाठी जीबी १८०३० नावाचं आपलं स्टँडर्ड २०२२ मध्ये परत वाढवलं आणि ऑगस्ट २०२३ पासून ते लागूही झालं. मशीनच्या मॅन्युअलमध्ये अशी अक्षरं येत नाहीत, पण लोकांच्या नावांच्या याद्या सांभाळणाऱ्यांना येतील.

एक गंमत अशी की फॉन्ट टाकल्यावर चौकोन जातात, अक्षरं दिसतात, आणि मग चायनीज येणारा माणूस बघून म्हणतो हे जरा जपानी वाटतंय. तो बरोबर असतो. युनिकोडने चीन, जपान, कोरिया तिघांच्या सारख्या अक्षरांना एकच नंबर दिलाय, पण लिहायची पद्धत थोडी वेगळी, उदाहरणार्थ हाड या अर्थाचं अक्षर आहे त्यात वरच्या चौकटीतला छोटा कोपरा चीनमध्ये डावीकडे असतो आणि जपानमध्ये उजवीकडे. सिस्टिमची भाषा इंग्लिश किंवा मराठी असेल तर लिनक्सला कळत नाही यातलं कुठलं दाखवायचं, मग बऱ्याचदा जपानी पुढे येतं. मराठी माणसाला हे नवीन नाही, आपला ल आणि श यांचंही हेच आहे, नंबर एकच, पण हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये ते वेगळे दिसतात आणि आपल्याला खटकतात. उपाय म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये फॉन्ट निवडताना नुसतं नोटो सान्स सीजेके न घेता मागे एससी (म्हणजे चीनमधल्या वळणाचा) लिहिलेला घ्यायचा, तैवानसाठी टीसी, हाँगकाँगसाठी एचके. सगळीकडेच हवं असेल तर लिनक्समध्ये फॉन्ट निवडणाऱ्या फॉन्टकॉन्फिगच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एससीला आधी ठेवता येतं, पण नुसतं वाचायचंच असेल तर एवढ्या भानगडीत पडायची गरज नाही.

आता महत्त्वाचं. चौकोन वेगळे आणि कचरा अक्षरं वेगळी, आणि सगळा घोळ इथेच होतो. कधीकधी चौकोन नसतात, तर टोपीवाली इंग्रजी अक्षरं, प्रश्नचिन्हं, उलटसुलट खुणा असं काहीतरी येतं. तिथे फॉन्ट कितीही टाका, काही होणार नाही. ती फाइल युनिकोडमध्ये नसून चीनमधल्या जुन्या जीबीके पद्धतीत असते आणि आपलं सॉफ्टवेअर ती भलत्याच पद्धतीने वाचत असतं. ज्यांनी वीसेक वर्षांपूर्वी मराठी पेपरांच्या वेबसाइट बघितल्यात त्यांना आठवत असेल, आमचा फॉन्ट डाउनलोड करा असं लिहिलेलं असायचं आणि तो नसला की सगळी बातमी इंग्रजी कचऱ्यासारखी दिसायची, हे त्याच जातीचं. चायनीज सप्लायरकडून झिप आली की आतल्या फाइलींची नावं हमखास अशी येतात, कारण चीनमधल्या विंडोजवर केलेल्या जुन्या झिपमध्ये नाव कुठल्या पद्धतीत आहे हे लिहिलेलंच नसतं. तिथे अनझिपला डॅश कॅपिटल ओ, जागा सोडून जीबीके असं सांगायचं, उबुंटूच्या अनझिपला हे कळतं. नाहीतर उनार नावाचं छोटं पॅकेज टाकायचं, ते आपलं आपण ओळखतं. साधी टेक्स्ट फाइल असेल तर आयकॉन्व्ह नावाच्या कमांडने जीबी १८०३० मधून यूटीएफ-८ मध्ये बदलून घ्यायची किंवा केट, जिनी असल्या एडिटरमध्ये उघडतानाच एन्कोडिंग निवडायचं. एकदा अशी कचरा दिसणारी फाइल सेव्ह केली की मूळ मजकूर कायमचा जाऊ शकतो, म्हणून आधी कॉपी ठेवा आणि मग प्रयोग करा.

पीडीएफचं अजून तिसरंच. आमच्याकडे सगळ्यात जास्त त्रास याचाच. बऱ्याच चायनीज पीडीएफमध्ये फॉन्ट आत भरलेला नसतो, नुसतं नाव लिहिलेलं असतं की सिमसन वापरा, तो असतो विंडोजवर. लिनक्सवर पीडीएफ उघडणारे एव्हिन्स, ओक्युलर हे पॉपलर नावाच्या लायब्ररीवर चालतात आणि तिला असल्या फाइली वाचायला पॉपलर-डेटा नावाचं वेगळं पॅकेज लागतं, ते नसेल तर कधी पान कोरं दिसतं, कधी फक्त आकडे आणि इंग्रजी शब्द दिसतात आणि मधलं सगळं गायब. म्हणजे चौकोनसुद्धा नाही! माणसाला वाटतं मॅन्युअलच अर्धवट आलंय आणि तो सप्लायरशी भांडत बसतो. सुडो ॲप्ट इन्स्टॉल पॉपलर-डेटा, आणि सोबत वरचा नोटो, दोन्ही पाहिजेत. पीडीएफफॉन्ट्स (यात मधे रेघ नाही) नावाची कमांड आहे, फाइलचं नाव देऊन चालवली की कुठला फॉन्ट आत आहे आणि कुठला नाही ते सांगते, ईएमबीच्या खाली नो आलं की समजायचं बाहेरून फॉन्ट लागणार. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर हे काहीच लागू नाही, ते फोटो असतात, ते तसेच दिसतात.

लिब्रेऑफिसवाल्यांसाठी दोन ओळी. त्यात टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये तीन खाती आहेत, वेस्टर्न, एशियन आणि कॉम्प्लेक्स. आपली मराठी आहे कॉम्प्लेक्समध्ये, एशियनमध्ये नाही (भूगोलाच्या मास्तरांनी हे बघू नये), चायनीज येतं एशियनमध्ये. म्हणजे मराठीसाठी तुम्ही फॉन्ट बदलला तरी चायनीज मजकुराला तो लागत नाही आणि लोक फॉन्टच्या यादीत बदल करत बसतात. तिथे एशियन चालू करून त्याला नोटोचा एससी देऊन टाका.

सगळ्यात चिवट प्रकार म्हणजे मशीनसोबत आलेली सॉफ्टवेअर. बरीचशी विंडोजची असतात आणि लोक ती लिनक्सवर वाइन नावाच्या सॉफ्टवेअरमधून चालवतात, वाइनला सिस्टिममधले फॉन्ट दिसतात पण सॉफ्टवेअर हटून बसतं की मला सिमसनच पाहिजे, तिथे वाइनट्रिक्सने सीजेकेफॉन्ट्स टाकलं की त्या नावांच्या बदल्यात चालणारे फॉन्ट बसतात. त्यातही जुनं युनिकोड नसलेलं सॉफ्टवेअर असेल तर ते चालू करताना भाषा चायनीज आहे असं सांगून चालवावं लागतं, एलसी_ऑल बरोबर झेडएच_सीएन.यूटीएफ-८ असं आधी लिहून, आणि ती भाषा सिस्टिममध्ये तयार केलेली असावी लागते. दुसरी जात जावावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, काही कंपन्या आपलं जुनं जावा सोबतच देतात आणि ते बाहेरच्या फॉन्टकडे नीट बघत नाही, तिथे त्याच जावाच्या लिब फोल्डरमध्ये फॉन्ट्स, त्यात फॉलबॅक नावाचं फोल्डर करून फॉन्टची फाइल टाकली की चालतं. हे मात्र नवख्याने जाणकार माणसाला सोबत घेऊनच करावं.

सर्व्हरवाल्यांचाही एक प्रकार आहे, डॉकरमधल्या (सर्व्हरवर सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवायची सोय) लहान इमेजमध्ये, म्हणजे त्या डब्याच्या तयार साच्यात, बहुतेक वेळा एकही फॉन्ट नसतो, मग तिथून बनलेल्या बिलावर चायनीज सप्लायरचं नाव चौकोनात छापून येतं आणि स्क्रीनवर मात्र बरोबर दिसतं, कारण स्क्रीन आपल्या मशीनचे फॉन्ट वापरते. इमेजमध्ये तेच नोटोचं पॅकेज टाकायचं, बाकी काही नाही. आणि ज्यांना काळ्या स्क्रीनवर, म्हणजे डेस्कटॉप सुरू व्हायच्या आधीच्या कन्सोलवर चायनीज बघायचंय त्यांनी नाद सोडावा, तिथे एका वेळी ५१२ आकृत्याच मावतात, आपली मराठीसुद्धा तिथे धड दिसत नाही.

काही जण सरळ विंडोजच्या फोल्डरमधून सिमसन आणि याहेइ उचलून लिनक्समध्ये टाकायला सांगतात. चालतं, पण ते मायक्रोसॉफ्टच्या लायसनमधले फॉन्ट आहेत, कंपनीच्या पीसीवर असं कशाला करायचं, नोटो फुकट आहे, मोकळ्या लायसनचा आहे, कितीही मशीनवर टाका, कुणी विचारणार नाही.

तुमच्या सदरातून एवढं मात्र छापाच की आधी बघा चौकोन आहेत, कचरा आहे की पान कोरं आहे, तिघांचे उपाय वेगळे. आणि आयटीआय, शाळा, सरकारी ऑफिसात लिनक्स बसवणाऱ्यांना माझी विनंती, सगळ्या मशीनवर टाकायची इमेज बनवतानाच सीजेके आणि देवनागरी दोन्हीचे फॉन्ट आत टाका, साठ-सत्तर एमबीच्या डाउनलोडचा प्रश्न आहे, आजकाल व्हॉट्सॲपवर लग्नाचा एक व्हिडिओ तेवढा असतो. आमच्याकडे आयटीआयची पोरं येतात, हुशार असतात, ड्राइव्ह उघडून जोडतात, पण स्क्रीनवर चौकोन दिसला की त्यांना वाटतं फाइलच खराब आहे, आणि फाइल डिलीट करतात.

आपला,
एक नियमित वाचक,
भोसरी, पुणे

ता. क. : पत्र कापायचं झालं तर जावा आणि डॉकरचं कापा, पॉपलर-डेटाचं ठेवा. आणि पॅकेजच्या नावातल्या आडव्या रेघा कृपया प्रूफ बघताना गाळू नका, तिथे जागा सोडली तर कॉम्प्युटर म्हणतो असं पॅकेजच सापडत नाही आणि मग लोक मला फोन करतात.